पाळीवरच्या माणसाचं ऐकायचं कुणी?



गव्हाणीत पहिली मोळी पडली की आपलं सारं लक्ष वजनकाट्याकडे आणि उताऱ्याकडे लागतं. ते साहजिकच आहे. पण मिलहाऊसमध्ये रात्रपाळीला उभ्या असलेल्या माणसाच्या मनात काय चाललंय याचा आपल्या उसाशी काय संबंध, असं कुणी विचारलं तर आपण हसू. मीही हसलो असतो. पण एक प्रसंग डोळ्यांनी पाहिला.

कारखान्याचं नाव सांगत नाही. ऐन हंगामात एका ऑइलमनला मिलच्या बेअरिंगचा आवाज वेगळा वाटला. पंधरा दिवसांपूर्वी अशीच शंका त्याने बोलून दाखवली होती. मिल थांबवून पाहिली, काही निघालं नाही, आणि साहेबांनी चारचौघांत त्याला फैलावर घेतलं, "इंजिनिअर तू का मी?" त्यामुळे या खेपेस गडी गप्प बसला. पहाटे बेअरिंग जळालं. गाळप अकरा तास बंद! बाहेर गाड्यांची रांग, बैल उभे, ऊस वाळतोय. तोडलेला ऊस वाळला की वजन घटतं आणि साखरही घटते, हे तुम्हाला मी काय सांगावं? साहेबांचा पगार काही कमी झाला नाही. ऑइलमनला मेमो मिळाला. भुर्दंड बसला तो सभासदाला.

साहेब तसे वाईट नव्हते हो. त्यांनाही वरून रोज एकच विचारणा होई, आज किती टन? वरचा चढा सूर खाली येता येता आणखी चढतो.

यासंदर्भात अमेरिकेतील एक हकीकत सांगण्यासारखी आहे. अल्कोआ ही ॲल्युमिनियम करणारी मोठी कंपनी. १९८७ साली पॉल ओनील तिचे प्रमुख झाले. न्यूयॉर्कमधील पहिल्याच सभेत भांडवलदार मंडळी नफ्याचे आकडे ऐकायला बसलेली, आणि हे गृहस्थ बोलू लागले कामगारांच्या सुरक्षिततेवर. काहींना वाटलं, कंपनी बुडाली. पुढे सहा महिन्यांच्या आत अरिझोनातील कारखान्यात एक तरुण कामगार अडकलेलं यंत्र मोकळं करायला कठडा ओलांडून आत गेला आणि प्राणास मुकला. ओनील यांनी दोष त्या पोरावर ढकलला नाही. वरिष्ठांना बोलावून त्यांनी सांगितलं की या मृत्यूला आपण जबाबदार आहोत, आणि सर्वांत आधी मी. कामगारांना त्यांनी आपल्या घरचा फोन नंबर दिला. साहेब ऐकत नसेल तर मला कळवा, म्हणाले. आणि कामगारांनी खरोखरच फोन केले! अपघातांबरोबर यंत्रसुधारणेच्या सूचनाही येऊ लागल्या. बोलायची भीती गेल्यावर माणूस केवळ तक्रारच करतो असं नाही. दुखापतीमुळे रजा पडण्याचे प्रकार वर्षाला शंभर कामगारांमागे १.८६ होते, ते २००० सालापर्यंत ०.२ च्या आसपास आले. नफाही त्या काळात अनेक पटींनी वाढला.

ती भांडवलदारांची कंपनी, आपला सहकार. इथे तर मालक आपणच. मग काट्यावर गाडी अडली की त्या कारकुनावर आणि तोडीचा दिवस चुकला की चिटबॉयवर आपण जे तोंडसुख घेतो, तेही मालकाचंच बोलणं झालं. तो पोरगा बहुधा आपल्याच भावकीतला असतो. त्याला शिव्या दिल्या की पुढच्या वेळी तो खरी तारीख सांगत नाही, बरं वाटेल ते सांगतो आणि सुटका करून घेतो.

संचालक मंडळाला एक विनंती. मिल बंद पडली की चूक कुणाची हे शोधण्यापूर्वी आधी कुणाच्या लक्षात आलं होतं, आणि तो का बोलला नाही, हे विचारावं. आणि सभासदांनो, वार्षिक सभेत भाव आणि उतारा विचाराल तेव्हा हेही विचारा: हंगामात गाळप किती तास बंद राहिलं, आणि त्यातलं किती आधी कळलं होतं? उत्तर देताना अध्यक्षांच्या शेजारी पाळीवरचा एखादा फिटर बसलेला असला, तर फार बरं होईल.