म्हशीचा मुका माज

मे महिन्यात कळमेश्वरच्या एखाद्या गोठ्यात डोकावून पाहा. हिवाळ्यात माजावर आली की रेकणारी, बेचैन होणारी म्हैस आता गप्प उभी असते. दर २१ दिवसांनी येणारा माज जणू हरवतो. ‘म्हैस वांझ निघाली’ असे म्हणून मालक तिला बाजाराची वाट दाखवतो. पण पुष्कळदा माज आलेला असतो. तो दिसत मात्र नाही. यालाच ‘मुका माज’ म्हणतात.

असे का व्हावे? नागपूर भागात उन्हाळ्यात पारा ४५ अंश सेल्सिअसवर जातो. म्हशीची काळी कातडी सूर्याची उष्णता अधिक शोषते आणि तिच्यात घर्मग्रंथी गाईपेक्षा कमी असतात. उष्णता आत येण्याची वाट रुंद, बाहेर पडण्याची अरुंद! म्हणून तर म्हैस डबक्यात डुंबते.

उष्णता साचली की मेंदूच्या तळाशी असलेला अधोथॅलॅमस संकटाचा इशारा देतो. तो पोष ग्रंथीमार्फत मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींना पोचतो आणि त्या कॉर्टिसॉल हे संप्रेरक रक्तात सोडतात. थंडी, जखम, अतिश्रम अशी संकटे वेगवेगळी असली तरी शरीराचा प्रतिसाद बराचसा सारखाच असतो, हे हान्स सेल्ये यांनी १९३६ साली उंदरांवरील प्रयोगांवरून मांडले.

आता गंमत पाहा. माजाची आज्ञाही याच अधोथॅलॅमस आणि पोष ग्रंथीकडून, ठरावीक लयीत, अंडाशयाकडे जाते. तेथे इस्ट्रोजेन तयार होते आणि तेच मेंदूवर परिणाम करून माजाची लक्षणे घडवते. ताण टिकून राहिला की ही लय मंदावते. उन्हाळ्यात वाढणारे प्रोलॅक्टिन हे संप्रेरकही तिला आवर घालते. इस्ट्रोजेन कमी पडते. मग बीज सुटले तरी म्हैस रेकत नाही. आधी जीव वाचवायचा, वंश नंतर, असाच हा शरीराचा हिशेब!

मालकाचा हिशेब मात्र चुकतो. तीन माज हुकले की ६३ दिवस गेले. गर्भकाळ सुमारे ३१० दिवसांचा. म्हणजे दूध दोन महिने लांबले, वैरण मात्र रोज लागतेच.

उपाय साधे आहेत. दाट सावली, पिण्यास भरपूर पाणी, दुपारी अंगावर पाणी. माजाची लक्षणे रात्री व पहाटे पाहावीत, कारण उन्हाळ्यात ती गारव्याच्या वेळीच अधिक दिसतात. तुमच्या घरी म्हैस असेल तर माजाची तारीख वहीत लिहा आणि त्यानंतरच्या २१व्या दिवसाच्या आसपास पहाटे गोठ्यात जा. म्हैस विकण्यापूर्वी एवढे तरी नक्की करा.