घरची न्याहारी : उपचाराचा उरलेला भाग

हृदयविकाराचा रुग्ण बरा होऊन घरी जातो, तेव्हा औषधांची यादी त्याच्यासोबत जाते. परंतु दुसऱ्या दिवशी सकाळी चहाबरोबर बशीत काय ठेवले जाते, यावरही पुढील प्रकृती बरीच अवलंबून असते. आमच्या आहार-सल्ला कक्षात नातेवाइकांकडून वारंवार येणारा प्रश्न असा : "खारी, टोस्ट बंद केले, तर द्यायचे काय?" या प्रश्नाचे एक उत्तर म्हणून ओट्सविषयी येथे थोडे विवेचन करीत आहोत.

ओट्समध्ये बीटा-ग्लुकन नावाचा विद्राव्य तंतू असतो. पाण्यात तो बुळबुळीत होतो; ओट्सच्या खिरीला येणारा दाटपणा त्याचाच. आतड्यात हा तंतू पित्ताम्लांना अडकवून मलावाटे बाहेर नेतो. नवीन पित्ताम्ले तयार करण्यासाठी यकृताला रक्तातील कोलेस्टेरॉल वापरावे लागते व त्यामुळे रक्तातील अपायकारक (एलडीएल) कोलेस्टेरॉल काही प्रमाणात उतरते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 1997 साली ओट्सच्या वेष्टनावर हृदयहिताचा उल्लेख करण्यास मान्यता दिली, ती रोज किमान 3 ग्रॅम बीटा-ग्लुकन या प्रमाणाच्या आधारे. तेवढ्यासाठी सुमारे 75 ग्रॅम कोरडे ओट्स लागतात. हा लाभ मर्यादित आहे. तो औषधाला पूरक आहे, पर्याय नव्हे. म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी बंद करू नये.

ओट्सची निवडही महत्त्वाची आहे. अखंड दाण्याचे तुकडे किंवा जाड पोहे सावकाश पचतात; झटपट शिजणारे बारीक ओट्स मधुमेही व्यक्तीची रक्तशर्करा अधिक वेगाने वाढवितात. मसाल्याच्या तयार पाकिटांत मीठ आणि गोड चवीच्या पाकिटांत साखर बरीच असू शकते. म्हणून साधे ओट्स आणून त्यांचा भाज्या घातलेला उपमा, दह्यात भिजवून धिरडे किंवा भाजणीत मिसळून थालीपीठ करावे.

चहाबरोबर काही कुरकुरीत हवेच असल्यास ते घरीच भाजता येते. खारीचे पदर मैदा आणि भरपूर घट्ट स्निग्ध पदार्थांतून तयार होतात. भारतात जानेवारी 2022 पासून तेल-तुपातील औद्योगिक ट्रान्स फॅटवर 2 टक्क्यांची मर्यादा आहे. तरीही संपृक्त चरबी, मैदा आणि मीठ हे प्रश्न उरतातच.

100 ग्रॅम ओट्स जाडसर दळून त्यात 100 ग्रॅम कणीक, तीन मोठे चमचे तेल, ओवा, तीळ व चिमूटभर मीठ घालावे. ओट्सच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून कणीक आवश्यक. दह्याने घट्ट मळून, लाटून, शंकरपाळ्यांसारखे काप करावेत. टोचे मारून ते 170 अंश सेल्सिअसवर सुमारे 20 मिनिटे भाजावेत. भट्टी नसल्यास जाड कढईत मीठ पसरून तापवावे, त्यावर स्टँड ठेवून ताटलीत काप मांडावेत व झाकण ठेवून मंद आंचेवर कुरकुरीत होईपर्यंत भाजावेत. एका वेळी चार-पाच काप पुरेत.

काही रुग्णांनी सावध राहावे. गव्हातील ग्लुटेन ज्यांना वर्ज्य आहे, त्यांना ही पाककृती चालणार नाही. साध्या ओट्समध्येही गव्हाची भेसळ असू शकते. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी आधी सल्ला घ्यावा. इतरांनीही प्रमाण हळूहळू वाढवावे व पाणी पुरेसे प्यावे; अन्यथा पोट फुगते.

ओट्स परवडत नाहीत म्हणून कोणीही खंत करू नये. जवामध्येही बीटा-ग्लुकन भरपूर असते. ज्वारी-नाचणीची भाकरी आणि मोड आलेली कडधान्येही तंतुमय आहेत. आपल्या घरात रुजेल तोच आहार टिकतो.

दात्यांच्या साहाय्याने रुग्णालयात खाटा, यंत्रे आणि औषधे उपलब्ध होतात. त्या दानाचे सार्थक मात्र रुग्णाच्या स्वयंपाकघरात, रोजच्या सकाळी होत असते. म्हणून नातेवाइकांना आमची नम्र विनंती की, रुग्णाची न्याहारी वेगळी न करता सर्व कुटुंबाने तीच घ्यावी. एकट्याचे पथ्य मोडते. घराची सवय टिकते.