बांधावरचे अन्नछत्र

नाशिक शहरातून निघालेला गंगापूर रोड गोदावरीच्या साथीने पश्चिमेकडे जात गंगापूर धरणाच्या परिसरात पोहोचतो. रस्त्याचा शहराकडील भाग आता घरांनी आणि दुकानांनी भरून गेला आहे. परंतु पुढे गेल्यावर द्राक्षांचे मळे, भाजीपाल्याची शेते आणि त्यांच्या मधले बांध दृष्टीस पडू लागतात. शेतकऱ्याचे लक्ष शेताकडे असते, फुलपाखराचे मात्र बांधाकडे. असे का व्हावे?

फुलपाखराला एकाच जन्मात दोन प्रकारचे अन्न लागते. अळीला पाने हवीत आणि पंख फुटल्यावर फुलांतील मकरंद हवा. त्यातही अळीला वाटेल ते पान चालत नाही. मादी पानावर उतरून पायांनी त्याची चव पारखते आणि योग्य पान सापडले तरच अंडी घालते. लिंबू, कढीपत्ता व बेल यांच्या पानांवर वाढणारी अळी रुईच्या पानावर जगत नाही. रुईवरची अळी लिंबाला तोंड लावीत नाही.

उबदार दिवसांत अंड्यापासून फुलपाखरू होण्यास बहुधा तीन ते पाच आठवडे लागतात. म्हणून एका वर्षात अनेक जातींच्या कित्येक पिढ्या होतात, आणि प्रत्येक पिढीला तिच्या वेळी अन्न मिळावे लागते. अकरा महिने ताट वाढले आणि बाराव्या महिन्यात उपाशी ठेवले, तर आधीचे सारे अन्नदान व्यर्थ जाते.

हे ताट बांधावर कसे वाढले जाते, ते पाहण्यासारखे आहे. मृगाच्या सरी पडताच टाकळा उगवतो. माणसे त्याच्या कोवळ्या पानांची भाजी करतात, आणि लहान पिवळी फुलपाखरे त्याच पानांवर अंडी घालतात. गवत वाढले की त्यावर तपकिरी फुलपाखरांच्या अळ्या पोसल्या जातात. श्रावण-भाद्रपदात तेरडा फुलतो. दसऱ्याच्या सुमारास रानफुलांची गर्दी असते, आणि तेव्हा फुलपाखरांचीही चंगळ होते. हिवाळ्यात टाकळा वाळून जातो. मग एकदांडीची इवलीशी फुले आणि घाणेरीचे गुच्छ मकरंद पुरवितात. तुरीच्या फुलांवर लहान निळी फुलपाखरे येतात.

खरी कसोटी उन्हाळ्यात लागते. गवत पिवळे पडते, भुईवरच्या वनस्पती नाहीशा होतात. काही फुलपाखरे अशा वेळी युक्तीने निभावून नेतात. गवतावर वाढणाऱ्या एका तपकिरी फुलपाखराच्या पंखांवर पावसाळ्यात डोळ्यांसारखे ठिपके असतात. कोरड्या ऋतूतील पिढीचे पंख मात्र हुबेहूब वाळक्या पानासारखे असतात. पाचोळ्यात बसले की ते ओळखू येत नाही. ही युक्ती सर्वांनाच साधत नाही. पावसाळ्यात टाकळ्यावर वाढणाऱ्या काही फुलपाखरांना त्याच कुळातील बहाव्याची कोवळी पालवी आधार देते. तांबूस केशरी फुलपाखराच्या अळीला उन्हातही हिरवी राहणारी रुई मिळते. रुईतील विष त्याच्या अंगात उतरते, म्हणून पक्षी सहसा त्याच्या वाटेस जात नाहीत. कढीपत्ता आणि लिंबू यांना विहिरीचे पाणी मिळत असेल, तर तेथेही अळ्यांची सोय होते.

द्राक्षमळा हे काम करू शकत नाही. द्राक्षाच्या फुलांना फळ धरण्यासाठी फुलपाखराची गरज नसते. आणि त्या वेलीखाली जमीन स्वच्छ राखावी लागते. त्यात शेतकऱ्याचा दोष नाही. तण पिकाच्या तोंडचे पाणी पळविते, आणि काही अळ्या लिंबाच्या रोपांची व तुरीच्या शेंगांची हानीही करतात. परंतु शेताबरोबर बांधही खरवडला, त्यावर तणनाशक फवारले किंवा तो पेटवून दिला, म्हणजे साखळीतील उन्हाळ्याची कडी तुटते. कुंपणाची झुडपे जाऊन केवळ तारा उरल्या, तरी तेच घडते. मग पुढच्या पावसात टाकळा उगवतो खरा. पण त्यावर अंडी घालणारे फुलपाखरूच उरलेले नसते.

ही कडी राखणे फारसे कठीण नाही. बांध साफ करायचा झाल्यास एका वर्षी एक बाजू करावी आणि दुसरी तशीच ठेवावी. कोपऱ्यातील रुई आणि बहावा तोडू नये. यात पाखरांचाही लाभ आहे. कारण पिलांना भरविण्यासाठी त्यांना अळ्या लागतात.

महाराष्ट्राने २०१५ साली ब्ल्यू मॉर्मन या मोठ्या, निळ्या-काळ्या फुलपाखराला राज्य फुलपाखराचा मान दिला. त्याच्या अळीलाही लिंबाच्या कुळातील पानेच लागतात. मान पदवीने मिळतो. जीवन मात्र पानाने मिळते.

गंगापूर रोडवरील एखाद्या घराच्या अंगणात कढीपत्त्याची पाने कुरतडलेली दिसली, तर तेथे बहुधा पाखराच्या विष्ठेसारखी दिसणारी एक लहानशी अळी सापडेल. तिला झटकून टाकायचे की चार पाने तिच्यासाठी सोडायची, हे त्या घरातील मुलांनी ठरवायचे आहे.