संगणक सुरू होत नाही तेव्हा

कोलकात्याच्या उत्तरेस बराहनगर हे उपनगर आहे. प्राध्यापक प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी स्थापन केलेल्या भारतीय सांख्यिकी संस्थेने १९५५ साली तेथे इंग्लंडहून ‘हेक-२एम’ नावाचे अंकीय गणकयंत्र आणविले. या जातीचे भारतात आलेले हे पहिलेच यंत्र होय. त्याच्या स्मृतीचे फिरते पिंप अवघे १०२४ शब्द साठवू शकत असे. गणकयंत्र दुरुस्त करणारा कारागीर त्या वेळी बाजारात कोठून मिळणार? आज त्याच शहरात चांदनी चौकाच्या बाजारात संगणकाचे सुटे भाग सहज मिळतात. तरीही घरचा संगणक एखाद्या सकाळी कळ दाबूनही जागा झाला नाही, की घरातील माणसे ‘यंत्र मेले’ असा निकाल देऊन मोकळी होतात. हा निकाल बहुधा घाईचा ठरतो.

यंत्र चालू होणे ही एकच घटना नसून ती घटनांची साखळी असते. ‘हेक-२एम’ हे निर्वात नलिकांचे यंत्र होते. अशा मोठ्या यंत्रांत नलिकांमधील तारा आधी तापवावयाच्या आणि त्या पुरेशा तापल्यावरच नलिकांना मोठा विद्युद्दाब द्यावयाचा, असा क्रम असे. आजच्या संगणकात नलिका उरल्या नाहीत. क्रम मात्र उरला आहे. भिंतीतून येणारी २३० व्होल्ट दाबाची प्रत्यावर्ती वीज ‘पॉवर सप्लाय’ नावाच्या पेटीत शिरते, आणि तेथे तिचे १२, ५ व ३.३ व्होल्ट दाबाच्या एकदिश विजेत रूपांतर होते. संगणक बंद दिसत असतानाही ही पेटी पूर्णपणे निजलेली नसते. ५ व्होल्टची एक क्षीण धारा ती मदरबोर्डाला पुरवीत असते. समोरची कळ वीज जोडते, ही समजूत बरोबर नाही. कळ मदरबोर्डाला केवळ इशारा देते. मग मदरबोर्ड पेटीकडे पूर्ण वीज मागतो, दाब स्थिर झाल्याची खूण पेटी परत पाठविते, आणि त्यानंतरच प्रोसेसर आपली पहिली आज्ञा वाचतो. यांतील एक कडी निखळली तरी बाहेरून दिसणारा परिणाम एकच असतो: यंत्र गप्प राहते.

म्हणून तपासणी भिंतीकडून आत, क्रमाने करावी आणि एका वेळी एकच बदल करावा. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर दोष कशात होता हे कळण्याचा मार्गच बंद होतो. प्रथम त्याच सॉकेटमध्ये टेबलावरचा दिवा लावून पाहावा. दिवा लागला नाही, तर संगणक निर्दोष असण्याचा संभव मोठा. दिवा लागला, तर जोडपट्टी वगळून संगणकाची तार थेट भिंतीत लावावी. पेटीच्या मागील बाजूस लहान खटका असल्यास तो चालू आहे ना, ते पाहावे. आणि शक्य तर दुसरी तार लावून पाहावी. यानेही भागले नाही, तर तार भिंतीतून काढून समोरची कळ अर्धा मिनिट दाबून धरावी. उरलासुरला विद्युद्भार निघून जातो, आणि दाबाच्या झटक्याने स्वसंरक्षणार्थ अडून बसलेली पेटी कधी कधी पूर्ववत होते. चैत्र-वैशाखात बंगालवर येणाऱ्या ‘कालबैशाखी’च्या वादळानंतर हा उपाय अवश्य करून पाहावा.

यापुढे यंत्राची लक्षणे वाचावीत. पंखा फिरतो पण पडदा काळाच राहतो, तर वीज आत पोहोचली आहे. दोष मॉनिटर, त्याची तार किंवा रॅमची पट्टी यांत शोधावा. पंखा क्षणभर फिरून थांबतो, तर कोठे तरी प्रवाहाला आडवाट मिळाली असण्याचा संभव असतो. प्रिंटरसारखी बाहेरची जोडणी काढून पुन्हा पाहावे. काहीच हालचाल नसेल, तर पेटी, कळ किंवा मदरबोर्ड यांवर संशय घ्यावा. कोलकात्यासारख्या दमट शहरात, तसेच मुंबई-कोकणातही, धुळीचा थर ओलावा धरून ठेवतो आणि रॅमच्या संपर्कपट्ट्यांवर मळ चढतो. वीज पूर्णपणे तोडून ती पट्टी काढून, पुसून पुन्हा घट्ट बसविल्याने कित्येक यंत्रे चालू होतात.

येथे घरगुती उपायांची हद्द संपते. पॉवर सप्लायची पेटी उघडू नये. २३० व्होल्टच्या प्रत्यावर्ती विजेचे शिखर सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत जाते, आणि पेटीतील संचयक हा भार तार काढल्यानंतरही काही काळ धरून ठेवू शकतात. त्यांना हात लागणे प्राणावर बेतू शकते. हे काम जाणत्या कारागिरावरच सोपवावे.

राहिली सर्वांत मोठी चिंता, ती आतील मजकुराची. मुलीचा प्रबंध, आजोबांची छायाचित्रे, दुकानाचा हिशेब हे सर्व डिस्कवर असते, आणि वीज गेल्याने डिस्कवरील नोंद पुसली जात नाही. पेटी किंवा मदरबोर्ड निकामी झाला, तरी डिस्क शाबूत असल्यास आणि तिच्यावरील मजकूर सांकेतिक कुलपात नसल्यास ती दुसऱ्या संगणकाला जोडून तो वाचता येतो. म्हणून यंत्र दुरुस्तीस देताना कोणकोणती तपासणी केली आणि काय आढळले, हे कागदावर लिहून द्यावे. आणि त्याच कागदावर, डिस्क विचारल्यावाचून कोरी करू नये, असेही स्पष्ट शब्दांत नमूद करावे.