पाण्याचाही हिशोब मांडूया

बचत गटात आपण रुपयान् रुपयाचा हिशोब लिहितो. मग गावातल्या पाण्याचा हिशोब कुणी लिहायचा?

अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार हे कमी पावसाचं गाव. पावसाळा सरला की तिथं ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात. पाऊस मोजलेला असतो. हेक्टरभर, म्हणजे अडीच एकर रानात १ मिलिमीटर पाऊस पडला, की १० हजार लिटर पाणी होतं. त्यातलं काही वाहून जातं, काही उन्हानं उडतं, काही मुरतं. विहिरींची पातळीही बघतात. मग वाटणी होते. आधी माणसांना आणि जनावरांना, राहील ते शेतीला. पाऊस कमी झाला, तर जास्त पाण्याची पिकं घ्यायची नाहीत, असं सगळे मिळून ठरवतात. शेतीसाठी बोअर मारायला बंदी आहे. कारण एकाचा बोअर खोल गेला, की शेजारणीची विहीर आटते.

नुसते चर खोदले, बंधारे बांधले आणि उपसा मोकाट राहिला, तर उन्हाळ्यात हंडा पुन्हा आपल्याच डोक्यावर येतो. म्हणून ठरवताना आपण तिथं हवं. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी, असा आपल्या राज्यात कायदाच आहे. रब्बीची पेरणी व्हायच्या आत आम्ही त्या सभेत एकच प्रश्न विचारणार आहोत: गावात पाणी किती आहे, आणि ते जूनपर्यंत पुरवायचं कसं? तुम्हीही विचारा. उत्तर मात्र वहीत लिहून घ्या.