बिघाड घरातला, गुन्हेगार कोण?

घरात काही बिघडले की दुरुस्तीच्या आधी एक गोष्ट हमखास होते. दोष कोणाचा, ते एका क्षणात ठरते! काचेचा पेला तडकला, तर ‘चहा फार गरम होता’. दिवे गेले, तर ‘फ्यूज खराब’. संगणक मध्येच बंद पडला, तर ‘व्हायरस आला’. जास्वंदीची पाने आक्रसली, तर ‘मुंग्या लागल्या’. फिर्याद ऐकण्यापूर्वीच निकाल द्यावा, तसा हा प्रकार. या खटल्यांची नीट चौकशी केली, तर पहिला संशयित बहुधा निर्दोष सुटतो. कधी कधी तर आपण ज्याला गुन्हेगार ठरवतो तो घराचा राखणदार निघतो. राखणदारालाच शिक्षा दिली की काय होते, ते पुढे पाहूच.

सुरुवात पेल्यापासून करू. गरम चहा ओतल्याबरोबर जाड बुडाचा पेला तडकला. चहा गरम होता हे खरे. पण प्रयोगशाळेतली परीक्षानळी तुम्ही थेट ज्योतीवर धरता. तिच्यातले पाणी खळखळ उकळते आणि नळी शाबूत राहते. म्हणजे केवळ उष्णतेवर आरोप ठेवता येत नाही. काच ही उष्णतेची मंद वाहक आहे. तांब्याची उष्णतावाहकता तिच्या काहीशे पट असते. चहा ओतताच पेल्याचा आतला थर तापून प्रसरण पावू लागतो. बाहेरच्या थराला मात्र अजून खबरच लागलेली नसते! तो थंड आणि आखडलेलाच असतो. आतला थर त्याला ताणू लागतो. हे प्रसरण तरी केवढे? साध्या काचेची १० सेंटिमीटर लांबीची पट्टी ७० अंशांनी तापली, तर तिची लांबी मिलिमीटरच्या सुमारे सहा शतांशांनी वाढते. म्हणजे जेमतेम केसाच्या जाडीएवढी. परंतु काच दाब पुष्कळ सोसते, ताण मात्र तिला सोसत नाही. बाहेरच्या पृष्ठभागावर एखादा बारीक ओरखडा असेल, तर तेथून तडा सुरू होतो. पेला जितका जाड, तितका आतल्या व बाहेरच्या तापमानातला फरक जास्त वेळ टिकतो. ‘जाड तो मजबूत’ हा आपला समज येथे उलटा पडतो. परीक्षानळी वाचते ती पातळ असते म्हणून, आणि तिची बोरोसिलिकेट काच साध्या काचेच्या सुमारे एक तृतीयांशच प्रसरण पावते म्हणून. तेव्हा गुन्हेगार तापमान नव्हे, तापमानातला फरक. पेला आधी कोमट पाण्याने विसळून घेतला, तर तोच चहा निमूटपणे त्यात बसतो.

हाच नियम आपल्या कामालाही जुंपता येतो. एकात एक अडकून बसलेले दोन स्टीलचे पेले ओढाताण करून निघत नाहीत. आतल्या पेल्यात गार पाणी भरा, बाहेरचा कोमट पाण्यात धरा, आणि हलकेच फिरवून पाहा.

आता स्वयंपाकघरातल्या पहिल्या राखणदाराकडे वळू. प्रेशर कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला, की घरात ‘व्हॉल्व्ह टिकत नाही हो या कुकरचे!’ असे ऐकू येते. जरा हिशेब करा. झाकणाचा व्यास २० सेंटिमीटर धरला, तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे ३१४ चौरस सेंटिमीटर. शिट्टी होण्याच्या सुमारास आतला दाब बाहेरच्यापेक्षा दर चौरस सेंटिमीटरला साधारण १ किलोग्रॅमने जास्त असतो. म्हणजे झाकणाला आतून ३१४ किलोग्रॅम वजनाइतका रेटा बसतो. चार-पाच धडधाकट माणसे झाकण उचलायला जोर लावत आहेत असे समजा! आतले पाणी १०० अंशांना न उकळता १२० अंशांच्या आसपास पोचलेले असते. अशा वेळी शिट्टीच्या नळीत डाळीचे साल अडकले, तर वाफेला वाट राहत नाही. मग कमी तापमानाला वितळणारा मिश्रधातू भरलेला तो इवलासा व्हॉल्व्ह स्वतः वितळतो आणि वाट करून देतो. त्याने आपले काम चोख केले. शोध घ्यायचा तो नळीचा. तिच्यातून उजेड आरपार दिसतो का, ते कुकर लावण्यापूर्वी पाहावे. डाळ फेसाळते, म्हणून कुकर निम्म्यापेक्षा जास्त भरू नये. गेलेल्या व्हॉल्व्हच्या जागी भलताच, ‘न उडणारा’ व्हॉल्व्ह बसवला, तर पुढच्या वेळी उडेल ते झाकण.

नेमकी हीच चूक विजेच्या बाबतीत पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहे. जुन्या घरांत चिनी मातीचे किटकॅट फ्यूज अजूनही दिसतात. फ्यूज वारंवार जातो म्हणून त्यात तांब्याच्या तारेचे चार पदर पिळून घालणारे ‘हुशार’ लोक तुम्ही पाहिले असतील. परीक्षेत जूलचा नियम बिनचूक लिहिणारा विद्यार्थीही घरी हेच करताना आढळतो, याचे मला नेहमी नवल वाटते. नियम काय सांगतो? तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट, तर उष्णता चौपट. १००० वॅटची इस्त्री २३० व्होल्टवर सुमारे ४.३ अँपिअर प्रवाह घेते आणि २००० वॅटचा गीझर ८.७ अँपिअर. दोन्ही एकाच लाइनवर चालू केली, तर १३ अँपिअर झाले. ती लाइन १० अँपिअरसाठी टाकलेली असेल, तर तारा तापू लागतात. साखळीतली मुद्दाम कच्ची ठेवलेली कडी म्हणजे फ्यूज. ती आधी वितळते. तिला आपण पक्की केली, तर पुढची कच्ची कडी कोणती? भिंतीच्या आत, प्लॅस्टिकच्या वेष्टणात, कोणाला न दिसणारी तार! ती तापून वेष्टण जळू लागले, तरी किटकॅटमधली तांब्याची तार दिमाखात शाबूत राहते. नव्या घरांत फ्यूजच्या जागी एमसीबी आली. परंतु ‘सारखी ट्रिप होते’ म्हणून १० अँपिअरच्या जागी ३२ अँपिअरची बसवून घेणे हा तोच जुना पराक्रम होय.

येथे एक प्रश्न आला पाहिजे. फ्यूज किंवा एमसीबी शाबूत असेल, तर आपल्याला विजेचा धक्का बसणार नाही ना? पहिल्या वर्षाच्या वर्गात मी हा प्रश्न विचारतो, आणि निम्म्याहून अधिक हात ‘बसणार नाही’ या बाजूने वर जातात. आकडे मांडून पाहू. ओल्या शरीराचा रोध सुमारे १००० ओहमपर्यंत उतरू शकतो. २३० भागिले १०००, म्हणजे ०.२३ अँपिअर. हृदयातून काही क्षण असा प्रवाह गेला, तर माणूस दगावू शकतो. आणि १० अँपिअरच्या एमसीबीच्या दृष्टीने ०.२३ अँपिअर म्हणजे एखादा छोटा दिवा लावल्यासारखे! ती ढिम्म हलणार नाही. फ्यूज आणि एमसीबी राखतात ते घराच्या तारांना. माणसाला राखणारे निराळे.

त्यांतला पहिला म्हणजे अर्थिंग. तीन पिनांच्या प्लगची वरची पिन नीट पाहा. ती इतर दोघींपेक्षा जाडही आहे आणि लांबही. जाड अशासाठी, की ती चुकूनही दुसऱ्या भोकात जाऊ नये. लांब अशासाठी, की प्लग घालताना तिची जोडणी सर्वांत आधी व्हावी आणि काढताना सर्वांत शेवटी तुटावी. धुलाई यंत्राच्या आत एखादी तार सुटून पत्र्याला टेकली, तर या पिनेच्या वाटेने जमिनीकडे भरपूर प्रवाह जातो, फ्यूज उडतो आणि यंत्र तत्काळ निर्जीव होते. ही पिन ‘बसत नाही’ म्हणून मोडून टाकली किंवा दोन पिनांचा जोड लावला, तरी यंत्र पूर्वीसारखेच चालते. काही बिघडले आहे हे कळतच नाही. पत्रा मात्र कोणाच्या तरी ओल्या हाताची वाट पाहत राहतो. आंघोळीच्या पाण्याच्या बादलीत लावलेल्या हिटर रॉडचेही तसेच. पाणी तापले का, हे बोट घालून पाहण्याची सवय कित्येक घरांत आहे. आधी बटण बंद, मग प्लग बाहेर, मग बोट. हा क्रम बदलू नये.

दुसरा राखणदार आरसीसीबी. त्याची युक्ती सोपी व सुंदर आहे. एका तारेने घरात गेलेला प्रवाह दुसरीने परत आलाच पाहिजे. तो या दोहोंची सतत तुलना करतो. ३० मिलिअँपिअर जरी कमी परत आले, तरी ते कोणाच्या तरी अंगातून जमिनीत जात असतील असे मानून तो निमिषार्धात वीज तोडतो. त्याच्यावर चाचणीचे एक छोटे बटण असते. घरातल्या मोठ्या माणसांना सांगून ते अधूनमधून दाबायला लावा. दाबूनही वीज गेली नाही, तर वायरमनला बोलवा. आणि कोणी विजेला चिकटलेले दिसले, तर त्याला हात लावू नका. मेन स्विच बंद करा. तो सापडत नसेल, तर कोरड्या लाकडी काठीने त्याला तारेपासून दूर ढकला.

संगणकाच्या कुंडलीत तर एकच ग्रह, व्हायरस! व्हायरस असतात हे खरे. पण लॅपटॉप गोधडीवर ठेवून तासभर खेळ खेळल्यावर तो मंदावला आणि अचानक बंद झाला, तर आधी त्याच्या बुडाला हात लावून पाहा. नखाएवढ्या चिपमधून पंधरा-वीस वॅट उष्णता बाहेर पडते. रेडिओ दुरुस्तीचे साधे सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचे असते, यावरून कल्पना येईल. गोधडीने हवेची वाट अडली, की चिपचे तापमान १०० अंशांच्या आसपास जाऊ शकते. मग चिप आधी आपला वेग कमी करते, आणि तेवढ्याने भागले नाही, तर यंत्र बंद पाडते. हाही एक राखणदारच! पाण्यात पडलेल्या मोबाइलचे प्रकरण थोडे वेगळे आहे. तेथे नुसत्या पाण्यापेक्षा घातक म्हणजे क्षार मिसळलेल्या पाण्यातून वाहणारा विद्युत्प्रवाह. तो सूक्ष्म जोडण्या गंजवून खातो. म्हणून पाण्यातून काढताच फोन प्रथम बंद करायचा आणि वाऱ्यावर वाळू द्यायचा. तांदळाच्या डब्यात पुरण्याचा उपाय सोडून द्या. तांदळाचे बारीक कण आत जाऊन नुकसान करू शकतात, असे ॲपल कंपनीनेही २०२४ साली सांगितले आहे.

संगणकाच्या इतिहासात खरोखरीचा कीटकही एकदा पकडला गेला आहे. ९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेत हार्वर्डच्या ‘मार्क २’ या संगणकाच्या एका रिलेमध्ये पतंग सापडला. तंत्रज्ञांनी तो नोंदवहीत चिकटपट्टीने डकवून ‘खराखुरा बग सापडण्याची ही पहिलीच वेळ’ अशा अर्थाची नोंद केली. ती वही तेथील स्मिथसोनियन संग्रहालयाने जपून ठेवली आहे. यंत्रातल्या दोषाला ‘बग’ म्हणण्याची पद्धत त्याहून जुनी. एडिसनच्या १८७८ सालच्या पत्रातही तो शब्द आढळतो. ही नोंद गमतीची खरी, पण त्या मंडळींनी नुसता संशय न घेता यंत्र उघडून पाहिले, हे मला अधिक आवडते.

तसेच जास्वंदीचे पान उलटून पाहा. कापसाचे पुंजके चिकटावेत तसे काही दिसले, तर तो पिठ्या ढेकूण. मुंग्यांचा पाने आक्रसण्याशी थेट संबंध नाही. पिठ्या ढेकूण झाडाचा रस शोषतो. त्या रसात साखर भरपूर, पण वाढीला लागणारी नत्रयुक्त द्रव्ये थोडी. ती पुरेशी मिळवण्यासाठी किडा खूप रस पितो आणि नको असलेली साखर चिकट थेंबांच्या रूपाने बाहेर टाकतो. मुंग्या येतात त्या या मेजवानीला. मात्र त्यांना पुरते निर्दोष म्हणता येणार नाही. गवळ्याने गाई राखाव्यात तशा त्या या किड्यांची राखण करतात आणि त्यांना खायला येणाऱ्या ढालकिड्यांना पिटाळून लावतात. दोष पाहणाराचा नाही, मुंग्याच तेवढ्या डोळ्यांत भरतात. पण मुंग्यांची पावडर टाकून ढेकूण तसाच ठेवला, तर पाने आक्रसतच राहणार.

नुसते पाणी फवारून हा ढेकूण जात नाही. त्याच्या अंगावरच्या मेणावर पाणी गोळ्या होऊन घरंगळते. पाण्याचे पृष्ठताण दर सेंटिमीटरला सुमारे ७२ डाइन असते. थोडा साबण घातला, की ते ३०च्या आसपास येते. मग पाणी मेणावर पसरते आणि किड्याला भिजवते. झाडाची दोन-चारच पाने आधी फवारून दोन दिवस वाट पाहावी, कारण काही साबण पानेही करपवतात.

मुंग्यांचा हात किती, हे मात्र स्वतः तपासा. कीड लागलेल्या दोन सारख्या कुंड्या घ्या. एकीच्या खोडाला कागदाची पट्टी गुंडाळून तिच्यावर व्हॅसलिनचा जाड थर द्या, म्हणजे मुंग्यांचा रस्ता बंद. फांद्या भिंतीला किंवा शेजारच्या झाडाला टेकलेल्या नकोत. मुंग्या तो पूल लगेच शोधतात. दुसरी कुंडी आहे तशीच ठेवा. या काळात कोणतीही फवारणी करू नका. दोन्ही झाडांची ठरावीक दहा-दहा पाने निवडून, तीन आठवडे दर रविवारी त्यांवरचे किडे मोजून वहीत लिहा.

मोजताना ढेकणांसारखीच पांढरी, झुपकेदार, पण त्यांच्याहून मोठी आणि भराभरा चालणारी अळी दिसली, तर चिरडण्यापूर्वी तिच्यावर भिंग धरा. ती बहुधा क्रिप्टोलेमस नावाच्या ढालकिड्याची असेल. हा किडा १८९८ साली ऑस्ट्रेलियातून भारतात आणला गेला, आणि आपले द्राक्षबागाईतदार तो पिठ्या ढेकणावर मुद्दाम सोडतात. त्याची अळी हुबेहूब आपल्या भक्ष्याचे सोंग घेऊन वावरते. तिला खुशाल पानावर राहू द्या आणि तो रविवार वहीत लाल शाईने लिहून ठेवा.