मीठ आणि 121 अंश

सकाळी 7

पहिली पाळी सुरू होते तेव्हा मी भिजवणीच्या टाक्यांपाशी असते. नाशिकजवळच्या आमच्या कारखान्यात पाकिटबंद शाकाहारी पदार्थ बनतात: छोले, राजमा, पालक पनीर, दाल माखनी, चवळीची उसळ. पाकीट गरम करायचं, कापायचं, खायचं. गुणवत्ता विभाग माझ्याकडे आहे. आज छोले. रात्रभर भिजलेला चणा सोलून मधोमध फोडते. गाभ्यात कोरडा पांढरा ठिपका दिसला, तर टाकी अजून तासभर तशीच ठेवायची. भिजवणीचं पाणी आम्ही फेकून देतो. पोटात वायू धरवणाऱ्या साखरा त्याबरोबर जातात, थोडी ब गटातली जीवनसत्त्वंही जातात. कडधान्याच्या बाबतीत हा सौदा मला पटतो.

नंतरची वाफ मात्र बेतानं द्यावी लागते. घरी चणा बोटानं दाबल्यावर चिरडला पाहिजे, इथे तो दाताखाली थोडा कच्चट लागला पाहिजे. राहिलेलं शिजणं पाकीट बंद झाल्यावर होतं. नवा आचारी आला की पहिला महिना त्याला हेच शिकवण्यात जातो, कारण हाताला लागलेली सवय त्याला चणा पूर्ण शिजवायला लावते आणि मग पाकिटातून लगदा निघतो.

सकाळी 8.30

पिंपळगाव बसवंतचा टोमॅटो आणि लासलगावचा कांदा उतरला. पालक निवडायला बायका बसल्या आहेत. तो उद्यासाठी. पालकाचा हिरवा रंग आमच्या तापमानाला टिकत नाही. हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम सुटतं आणि भाजी शेवाळी दिसू लागते. गिऱ्हाईक त्या रंगाला शिळेपणा समजतं. आम्ही वरून रंग घालत नाही आणि घालूही नये, असं माझं ठाम मत आहे.

सकाळी 10

कांदा परतून झाला, मसाला पडला. मिठाची पिशवी वजन करूनच कढईपाशी येते आणि नोंदवहीत दोघांच्या सह्या होतात. या पिशवीबद्दल दुपारी जास्त बोलायचं आहे.

सकाळी 10.45

भरणी. एका पाकिटात 300 ग्रॅम. पाकिटाला बाहेरून पॉलिएस्टर, मध्ये अ‍ॅल्युमिनियमची फॉइल, आतून पॉलिप्रॉपिलीन. फॉइलमुळे हवा आणि उजेड आत जात नाही. पदार्थ महिनोन् महिने टिकतो त्याची निम्मी जबाबदारी या पापुद्र्यावर असते, निम्मी सीलवर. सीलच्या पट्टीत एक जिरं सापडलं तरी तिथे बारीक वाट राहते आणि तेवढी वाट जंतूंना पुरते.

"मॅडम, हे बघा, जिरं." सीलिंगवरच्या मावशींनी सरकत्या पट्ट्यावरून एक पाकीट उचललं. मला ते उजेडात धरूनही चटकन दिसलं नाही.

"मावशी, नोझल पुसायला सांगा. आणि मागची वीस पाकिटं बाजूला काढा."

"काढलीत कधीच."

यंत्र तापमान धरतं, दाब धरतं, पण जिरं मावशींनाच दिसतं. त्यांच्या जागेवर रोजंदारीची नवी मुलगी बसवून पैसे वाचवू पाहणाऱ्यांशी मी दरवेळी भांडते.

सकाळी 11.30

ट्रे रिटॉर्टमध्ये गेले, दार बंद झालं. रिटॉर्ट म्हणजे आडवी पडलेली, दाबाखाली चालणारी लोखंडी टाकी. दिवसातला माझा सर्वांत महत्त्वाचा वेळ हाच.

उकळत्या पाण्यानं, म्हणजे 100 अंशांनी, बहुतेक जंतू मरतात. क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनमचे बीजाणू मात्र त्यात तासन् तास तगून राहतात. हवा नसलेलं, फारसं आंबट नसलेलं, ओलसर अन्न मिळालं की ते रुजतात आणि जीवघेणं विष तयार करतात. सामू 4.6 च्या वर असलेलं अन्न या वर्गात येतं. टोमॅटो घालूनही छोले याच वर्गात राहतात, डाळी आणि पालक तर आहेतच. म्हणून 121 अंश. त्या तापमानाला किमान 3 मिनिटं मिळाली, तर या बीजाणूंची संख्या दहापटीनं कमी होण्याची पायरी बारा वेळा ओलांडली जाते. आणि ही मिनिटं टाकीच्या काट्यावर मोजायची नसतात. पाकिटाच्या ज्या बिंदूला ऊब सर्वांत उशिरा पोचते, तिथे मोजायची. त्यासाठी नव्या पदार्थाच्या चाचणीत पाकिटाच्या पोटात तापमापकाची तार बसवतात. छोल्यांचा पातळ रस्सा आत फिरतो आणि लवकर तापतो, दाल माखनी घट्ट असल्यामुळे हळूहळू तापते. दोघांचं वेळापत्रक म्हणूनच वेगळं असतं.

पाकीट चपटं असतं त्याचं कारणही इथेच आहे. गोल डब्याच्या मध्यापर्यंत ऊब पोचेस्तोवर कडेचा भाग अति शिजतो. चपट्या पाकिटाचा मध्य कडेपासून जवळ, त्यामुळे एकूण वेळ कमी लागतो, चव आणि जीवनसत्त्वं त्या मानानं जास्त वाचतात. भारतात हे तंत्र रुजवण्यात म्हैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेचा मोठा वाटा आहे. 1961 मध्ये सैन्याच्या शिध्यासाठी स्थापन झालेल्या या संस्थेनं ते पुढे खासगी कंपन्यांनाही दिलं. बर्फात पहारा देणाऱ्या जवानासाठी झालेलं काम आज वसतिगृहातल्या मुलीच्या ताटात पोचलं आहे, याचा मला अभिमान वाटतो.

तापवणं संपल्यावर थंड करतानाही बाहेरचा दाब धरून ठेवावा लागतो, नाहीतर आतली वाफ पाकीट फोडते. थंड करायचं पाणी क्लोरिनचं. ऑपरेटर दादांनी आलेख काढून दिला. रेषा सरळ आहे. सही केली.

दुपारी 1.30

कॅंटीनमध्ये ज्वारीची भाकरी, मेथी, वरण, काकडी. ताजं जेवण मिळत असेल तेव्हा ते सोडून पाकीट उघडावं, असं मी कुणालाच सांगणार नाही. आमचं पाकीट त्या वेळेसाठी नाही.

दुपारी 2.30

उबवणीची खोली. प्रत्येक बॅचमधली काही पाकिटं 37 अंशांवर दोन आठवडे राहतात, काही 55 अंशांवर त्याहून कमी दिवस. यातलं एकही फुगलं तर पूर्ण बॅच थांबते. आज सगळी सपाट आहेत. (घरी आणलेलं पाकीट फुगलेलं दिसलं, तर ते चाखूनही पाहू नका, सरळ फेका.)

लोक विचारतात, इतके महिने टिकतं म्हणजे आत रसायन असणारच ना? आमच्या पाकिटांत टिकवण्यासाठी रसायन नसतं, कारण त्याची गरजच उरत नाही. आतलं सगळं मेलेलं आहे आणि बाहेरचं आत येऊ शकत नाही. मग उष्णतेनं नेमकं काय जातं? क जीवनसत्त्व बहुतेक जातं, ब1 बऱ्यापैकी कमी होतं. प्रथिनं, तंतू, लोह हे राहतात. टोमॅटोतलं लायकोपीन शिजल्यावर शरीराला अधिक सहज मिळतं. घरचा कुकरही शिट्टीच्या दाबाला 120 अंशांच्या आसपास जातो. तापमानाची भीती वाटणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं.

दुपारी 4

पहिल्या पाळीचे लोक साडेतीनला गेले. मी थांबले, कारण आज चव-चाचणी होती: त्याच छोल्यांचे तीन नमुने, फरक फक्त मिठाचा.

पाकिटाच्या पोषणाबद्दल मला काही म्हणायचं असेल तर ते हेच, की लोक उष्णतेला घाबरतात आणि मिठाकडे बघत नाहीत. आमच्या सध्याच्या छोल्यांत 100 ग्रॅमला 450 मिलिग्रॅम सोडियम आहे. आकडा छोटा वाटतो. पण पाकीट 300 ग्रॅमचं आहे आणि एकटा माणूस ते एका बैठकीत संपवतो. म्हणजे 1350 मिलिग्रॅम. मोठ्या माणसानं दिवसभरात 2000 च्या आत राहावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. हे झालं साधारण 5 ग्रॅम मीठ. त्यातला दोन तृतीयांश वाटा एका पाकिटात गेला, वर लोणचं आणि पापड असतीलच.

लोणच्यात मीठ टिकवण्याचं काम करतं, तिथे ते कमी केलं की बुरशी येते. आमच्याकडे टिकवण्याचं काम रिटॉर्टनं केलेलं असतं. पाकिटातलं मीठ निव्वळ चवीसाठी आहे, म्हणून ते कमी करता येतं. अडचण अशी की रिटॉर्टमध्ये कोथिंबिरीचा, आल्याचा, फोडणीचा वास मंदावतो आणि ती कसर मिठानं आणि तेलानं भरून काढायची सवय या धंद्याला लागली आहे. सोपा रस्ता आहे तो, पण मला मान्य नाही.

आजच्या तिसऱ्या नमुन्यात सोडियम 300 पर्यंत उतरवलं होतं. आमचूर वाढवला, जिरं जास्त भाजलं, आलं शेवटी घातलं. चाखणाऱ्यांतल्या बहुतेकांनी दुसरा निवडला, 360 चा. तिसरा त्यांना अळणी लागला. विक्री विभागाचे साहेब म्हणाले, "मॅडम, 450 लाच राहू या, गिऱ्हाइकाला सवय आहे." मी म्हटलं, सवय आपणच लावली आहे, तर उतरवूही आपणच, आणि एकदम न उतरवता टप्प्याटप्प्यानं. आज 360 वर एकमत झालं. पुढच्या वर्षी 300 वर भांडेन.

संध्याकाळी 5.30

ग्राहकांच्या पत्रांत मुंबईतल्या एका परिचारिकेचं पत्र होतं. आठवड्यातले बरेच दिवस रात्रपाळी, परत येते तेव्हा खानावळ बंद, खोलीवर फक्त एक केटल. रोज रात्री तुमचं पाकीट खाल्लं तर चालेल का, असं तिनं विचारलं आहे.

तिला मी सविस्तर लिहिलं. छोल्यांच्या एका पाकिटात सुमारे 15 ग्रॅम प्रथिनं मिळतात. 55 किलो वजनाच्या बाईला दिवसाला साधारण 46 ग्रॅम लागतात, तेव्हा हा हिस्सा वाईट नाही. बिस्किटांवर किंवा वडापाववर रात्र काढण्यापेक्षा हे नक्की बरं. पण पाकीट म्हणजे अख्खं जेवण नव्हे, ती एक भाजी आहे. अर्धं पाकीट, दोन पोळ्या किंवा पाव, एक टोमॅटो नाहीतर काकडी, वाटीभर साधं दही असं धरा. उरलेलं डब्यात काढून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा. फ्रिज नसेल तर मैत्रिणीबरोबर वाटून खा. वरून अर्धं लिंबू पिळा. उष्णतेत गेलेलं क जीवनसत्त्व त्यातून येतं आणि डाळी-कडधान्यातलं लोह अंगी लागायला मदत होते. लगोलग चहा घेऊ नका, तो तेच लोह अडवतो. लोणचं त्या जेवणात नको. पनीरचं पाकीट आठवड्यातून एकदा पुरे, त्यात तेल आणि साय जास्त असते. बाकी दिवस छोले, राजमा, चवळी. केटलमध्ये पाकीट बुडवू नका, ते तळाच्या तापत्या चकतीला टेकतं. उकळतं पाणी खोल भांड्यात ओतून त्यात पाच-सात मिनिटं ठेवा, पाकीट आधीच शिजलेलं असतं.

पत्र पाठवल्यावर नव्या लेबलचा मसुदा समोर घेतला. पोषणाच्या तक्त्यात 100 ग्रॅमचा एक रकाना आणि 100 ग्रॅमच्याच 'एका वाढी'चा दुसरा. तिसरा रकाना 'पूर्ण पाकीट, 300 ग्रॅम' असा वाढवा, सोडियमचा आकडा ठळक छापा, आणि तो आल्याशिवाय माझी सही मिळणार नाही, असं लिहून मसुदा परत पाठवला.